जाताना मजेत, येताना बादलीत: परतीच्या वाटेवर बोट का लागते आणि काय करायचं

दुखणं थोडक्यात असं. रविवारी सकाळी पाच जण गेटवेहून चोवीस फुटी शिडाच्या बोटीने मांडव्याला निघतात. जाताना गाणी, फोटो, थर्मासातला चहा. मांडव्याला जेवण, किनाऱ्यावर एक चक्कर. परत निघाल्यावर तासाभरात एक जण गप्प होतो. मग दुसरा. कुलाब्याचं टोक जवळ यायच्या आत कोणीतरी कठड्यावरून ओणवं झालेलं असतं. पुढच्या महिन्यात माणसं वेगळी, गोष्ट तीच.

माझ्या बोटीवर हे लागोपाठ दोन मोसम चाललं. पहिल्या मोसमात मी गोळ्या बदलून पाहिल्या, नाश्ता बदलला, एका मित्राला मनगटाच्या पट्ट्या आणायला लावल्या. त्याला पट्ट्यांसकट उलटी झाली. मग वारा आणि वेळ टिपायची जी वही बोटीवर असते, तिच्यात मी आणखी एक रकाना पाडला: कोणाला, कुठे, किती वाजता. दहाबारा फेऱ्यांनंतर वही उलगडून बसलो तेव्हा जरा ओशाळलोच. सकाळच्या बाजूला एकही नाव नव्हतं. सगळी नावं दुपारी दीड ते चारच्या मधली, जवळजवळ सगळी परतीच्या वाटेवरची, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या रविवारी जास्त. पोटं दर वेळी वेगळी होती, वेळापत्रक मात्र दर वेळी माझंच होतं.

आपल्या भाषेत ‘बोट लागली’ म्हणजे ती धक्क्याला लागली आणि ‘बोट लागली’ म्हणजे माणूस आडवा झाला. पहिली लागायच्या आधी दुसरी लागू नये, एवढाच या लिखाणाचा हेतू.

आधी शरीराचं. तोल सांभाळणारं इंद्रिय कानाच्या आत असतं. ते सांगतं की आपण वरखाली होतोय. डोळे कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीतल्या बसायच्या उघड्या खोलगट जागेत, किंवा मोबाईलवर खिळलेले असतात, ते सांगतात की सगळं स्थिर आहे. ही दोन साक्षीपत्रं जुळत नाहीत आणि मेंदू त्याचा राग पोटावर काढतो. सगळ्यात वाईट हेलकावा साधारण पाच सेकंदांत एकदा वरखाली करणारा. त्याहून खूप जलद धक्के हाडांना त्रास देतात, पण पोट त्यांना फारसं भीक घालत नाही. ज्याला बोट लागते तो नाजूक, असंही नाही. इंग्लंडच्या नेल्सनसारख्या गाजलेल्या आरमारी सेनापतीला ती आयुष्यभर लागत होती. लांबच्या सफरीवर दोन-तीन दिवसांत बहुतेकांचं शरीर सरावतं, पण आपली सफर सहा तासांची. सरावायच्या आत आपण घरी.

आता वाटेचं. गेटवे ते मांडवा सरळ रेषेत साधारण आठ सागरी मैल, म्हणजे पंधरा किलोमीटरच्या आत, दिशा दक्षिण आणि किंचित पूर्व. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, हलका, आडवा. शीड भरतं, बोट जेमतेम कलते, आणि कुलाब्याच्या आडोशामुळे पाणी सपाट. प्राँग्सचं दीपगृह मागे पडलं की पश्चिमेकडून उघड्या अरबी समुद्राची लाट आत येते, पण सकाळी तीही सुस्त असते. पावणेदोन तासांत मांडवा.

अकरा-बारानंतर वारा पडतो, मग खारा वारा सुरू होतो. मुंबईत तो पश्चिम-वायव्येचा, आणि तीन-चारच्या सुमारास ऐन भरात. आपल्याला घरी जायचंय उत्तरेला, किंचित पश्चिमेला. म्हणजे जवळजवळ त्याच्या तोंडात. शिडाची बोट सरळ वाऱ्यात जात नाही, ४५ अंशांच्या आसपास तिरकी धरून नागमोडी जावं लागतं. आठ मैलांचे अकरा-बारा होतात. बोट कललेली, पुढचा भाग प्रत्येक लाटेवर आपटणारा, अंगावर खारं पाणी. त्यातच ओहोटी चालू असेल तर वारा बंदरात आत येतोय आणि पाणी बाहेर जातंय. दोघांची गाठ पडते तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात. हे पाणी लांबून ओळखू येतं: जणू कोणी खालून चूल पेटवलीय.

त्यामुळे पहिली दुरुस्ती बोटीत नाही, कालनिर्णयात आहे.

कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीला तीन चतुर्थांशाने गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होतं, आणि निघण्यापूर्वी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचंच, पण रविवार निवडायला हा हिशोब पुरतो. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती पूर्ण होते, आणि मग सहा तास ओहोटी. तीही उधाणाची, सगळ्यात जोराची. अगदी आपल्या परतीच्या वेळी. अष्टमीच्या आसपास याच्या उलट: बारापासून सहापर्यंत पाणी चढतं, आपल्याला घराकडे ढकलतं, आणि भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, असल्याने त्याचा जोरही बेताचा. वारा आणि पाणी दोन्ही एकाच दिशेला चालले की तोच वारा निम्मा वाटतो.

मी आता पाहुण्यांना घेऊन फक्त षष्ठी ते दशमीच्या रविवारी निघतो. पहिल्या वर्षी पौर्णिमेचा रविवार मुद्दाम निवडायचो, चांदणं मिळेल म्हणून. चांदणं पाहायला शुद्धीवर कोणी उरायचं नाही.

तिथी जमत नसेल तर घड्याळ पुढे ओढा. सहाला निघा, साडेआठला मांडव्याला नाश्ता करा, दहाला परतीला लागा. बाराच्या आत गेटवे. जेवण घरी. याला सगळे कुरकुर करतात, ‘रविवारी पाचला कोण उठणार’ वगैरे. करू द्या. आणि मुळात उशिरा पोचून घाईने निघण्यापेक्षा बोट तिथेच सोडून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, भाऊच्या धक्क्याला येणं यात कसलाही कमीपणा नाही. ती सोय मार्च २०२० पासून आहे. मी एकदा दोघांना तसंच पाठवलं आणि उरलेल्या दोघांबरोबर बोट घेऊन आलो.

जून ते सप्टेंबर हा विषयच नाही. रेवसला निघालेली ‘रामदास’ १७ जुलै १९४७ ला याच पट्ट्यात गेली, सहाशेच्या वर माणसांसकट.

समजा निघालात आणि वारा अपेक्षेहून चढला. इथे नवे स्किपर एक चूक हमखास करतात: लवकर पोचू म्हणून पूर्ण शीड ठेवतात. बोट पंचवीस-तीस अंश कलते, वेग काही वाढत नाही, नुसती आडवी घसरते. मेनसेलला, म्हणजे मोठ्या शिडाला, रीफ घ्या, म्हणजे ते खालून गुंडाळून लहान करा. हे मांडव्याहून निघायच्या आधी, नांगरावर असतानाच करावं, कारण लाटांत डोलकाठीपाशी उभं राहून दोऱ्या बांधणारा माणूस हाच पुढचा आजारी असतो. रीफ काढणं सोपं, घेणं अवघड. इंजिनावर चाललात तरी मेनसेल वर राहू द्या. शिडाला वारा टेकला की बोट डोलत नाही. उघड्या काठीने ती घड्याळाच्या लंबकासारखी झुलते, आणि वरून मागच्या इंजिनाचा पेट्रोलचा वास.

आणि थोडं खाली पडून चाला. अगदी वाऱ्याला चिकटून पळायचा हट्ट सोडून दहा-पंधरा अंश बाजूला वळवलं की आपटणं थांबतं. अंतर वाढतं, पण पोचल्यावर लोक बोलतात तरी.

यावरचं माझं सगळ्यात आवडतं हत्यार म्हणजे बोट ‘हीव्ह टू’ करणं. मराठीत याला शब्द घडवायला हवा. मी ‘बोट बसवणं’ म्हणतो. वाऱ्याच्या तोंडातून टॅक घ्या, म्हणजे बोट दुसऱ्या बाजूला वळवा, पण जिबची, म्हणजे पुढच्या लहान शिडाची, शीट (ते आवळायची दोरी) सोडू नका. वळण पूर्ण झालं की जिब उलट बाजूने फुगते आणि बोटीला मागे लोटते. मेनसेल ढिलं सोडा. बोटीचा वेग मेला की टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हळूच वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जिकडे जातो त्या, बाजूला ढकला आणि तिथेच दोरीने बांधा. जिब म्हणते वाऱ्यापासून दूर वळ, सुकाणू म्हणतं वाऱ्याकडे वळ, दोघांच्या भांडणात बोट जागीच शांत बसते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझी मामेबहीण म्हणाली, “दादा, समुद्र बंद केलास का?” खरंच तसं वाटतं. आवाज जातो, उडणारं पाणी थांबतं, आणि माणसाला पाणी पिता येतं, टोपी शोधता येते, गोळी घेता येते. पंधरा मिनिटं पुरतात.

दोन अटी. बोट बसली तरी वाहत असते, वायव्येच्या वाऱ्यात आग्नेयेकडे, म्हणजे रेवस-करंजाच्या बाजूला. तिकडे मोकळं पाणी आहे आणि मासेमारीची जाळी नाहीत हे आधी बघा. जाळ्यांचे तरंगते डबे उन्हाच्या चकाकीत दिसत नाहीत, आणि पंख्यात दोर गुंतला की आजारी माणूस हा दुय्यम प्रश्न होतो. दुसरं, मोठ्या जहाजांच्या वाटेत हे करायचं नाही. वीस मीटरहून लहान बोटीने किंवा शिडाच्या बोटीने अरुंद वाटेतल्या जहाजाला अडवू नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि ते जहाज तुमच्यासाठी थांबूही शकत नाही. वाट सरळ काटकोनात ओलांडा, मग पलीकडे बसवा.

माणसांकडे वळू. उलटी ही शेवटची पायरी आहे; तिच्या आधी अर्धा तास सूचना मिळत असते. पहिली खूण म्हणजे जांभया. मग बडबड्या माणूस गप्प. ओठांभोवती फिकेपणा, थंड घाम, तोंडात पाणी सुटणं, ढेकरा. ‘काही नाही, जरा झोप येतेय’ असं कोणी म्हणालं की मी ते ‘वीस मिनिटांत उलटी’ असं वाचतो. त्याला आत केबिनमध्ये आडवं व्हायला पाठवणं ही मायेपोटी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट. आत क्षितिज नाही, हवा नाही, वास आहेत.

त्याच्या हातात टिलर द्या. खरंच. सुकाणू धरणाऱ्याला बोट सहसा लागत नाही, कारण त्याला लांब बघावं लागतं आणि पुढचा हेलकावा कधी येणार हे हाताला आधीच कळतं. गाडी चालवणाऱ्याला घाट लागत नाही, मागच्या सीटवर बसणाऱ्याला लागतो, तसंच. माझ्या मेहुण्याने आधी दोन वेळा बोट घाण केली होती. तिसऱ्या वेळी दीड वाजता त्याने पहिली जांभई दिली तशी मी त्याला म्हटलं, “भाऊजी, या इकडे. तो खांदेरीचा डोंगर मागे ठेवायचा आणि समोर ती उंच इमारत.” पहिली पाच मिनिटं बोट सापासारखी चालली. नंतर त्याने मला दूर बसायला सांगितलं. गेटवेपर्यंत टिलर सोडला नाही आणि उतरल्यावर वडापाव मागितला.

टिलर एकच असतो, म्हणून बाकीच्यांना खरी कामं वाटून द्या. एक जण जिबची शीट, एक जण फक्त जहाजं आणि जाळी बघणार, एक जण दर अर्ध्या तासाने सगळ्यांना पाणी देणार. कॉकपिटच्या मध्यावर किंवा जरा मागे बसवा, तिथे वरखाली होणं कमी. पुढच्या टोकावर फोटोसाठी बसलेला माणूस प्रत्येक लाटेला मजलाभर उचलला जातो. मोबाईल खिशात. आणि हुकूम एकाचाच: कोळ्यांच्या होडीवर तांडेल एकच असतो, इथेही एकच. पाहुण्यांत कोणी ‘मी गोव्याला शिकलोय’ असा असला तरी. आजाराने गांगरलेल्या क्रूवर दोन आवाज आले की कोणीतरी चुकीची दोरी सोडतं आणि बूम, म्हणजे मेनसेलच्या खालची आडवी काठी, डोक्यावरून फिरते.

आता कठडा. या लिखाणातलं एवढंच वाचलंत तरी चालेल. बोट लागल्याने माणूस मरत नाही, पण उलटी करायला कठड्यावरून वाकलेला माणूस पाण्यात पडू शकतो. त्याचे पाय लटपटतात, तो डोळे मिटून असतो, लाजेने सगळ्यांकडे पाठ करतो, आणि नेमका बोट कललेल्या बाजूला जातो. पाण्यात पडल्यावर पोहायची ताकद नसते. म्हणून माझ्या बोटीवर नियम: उलटी बादलीत, कॉकपिटमध्ये बसून. संकोच वाटू नये म्हणून मी हे निघण्यापूर्वीच हसत सांगतो, बादली दाखवतो, कुठे ठेवलीय तेही. कोणी तरीही कठड्यावर गेलंच तर वाऱ्याखालच्या बाजूला, गुडघ्यांवर बसून, आणि दुसऱ्याने त्याचं लाइफ जॅकेट मागून मुठीत पकडलेलं. सगळे मदतीला एकाच बाजूला धावणार नाहीत, दोघं पुरे. लाइफ जॅकेट धक्क्यापासून धक्क्यापर्यंत अंगावर, पट्टे आवळून. ‘उकडतंय’ हे कारण मी ऐकत नाही.

पडलाच कोणी, तर एक जण ओरडतो, तरंगणारं जे हाती लागेल ते फेकतो, आणि एक जण बोटाने त्याच्याकडे दाखवत राहतो. नजर हलवायची नाही, दुसरं काहीही करायचं नाही. लाटांत डोकं नारळाएवढं दिसतं आणि अर्ध्या मिनिटात हरवतं.

खाण्यापिण्यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात, आणि त्याचं महत्त्व सगळ्यात कमी. रिकामं पोट वाईट, तुडुंब पोट वाईट. मिसळ, वडे, बिअर नको. इडली, कोरडी पोळी, केळं, पोहे चालतात. मांडव्याला तळलेल्या सुरमईचं ताट समोर आलं की माझं कोणी ऐकत नाही, म्हणून मी आता जेवण परतल्यावर ठेवतो. आलेपाकाची वडी खिशात असू द्या. आल्याचा उपयोग काहींना होतो, काहींना नाही, पण चघळायला काहीतरी मिळतं. पाणी मात्र नेमाने. उलटी झाल्यावर एकदम पेलाभर नको, दर दोन मिनिटांनी एक घोट. ओआरएसची पाकिटं नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा.

गोळीबद्दल दोन गोष्टी. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर ती बादलीतच जाते. प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, सिनारिझिन यांपैकी जी डॉक्टरांनी सांगितली असेल ती निघण्याच्या एक-दोन तास आधी. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून ती पहिल्यांदा घरी सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, दारूबरोबर घेऊ नका, आणि जो संध्याकाळी ठाण्यापर्यंत गाडी चालवणार आहे त्याला देऊ नका. गरोदर बाई, लहान मूल, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेले काका असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. दुसरी गोष्ट: घरोघरी उलटीवर ओन्डॅन्सेट्रॉन असतं आणि लोक तेच घेऊन येतात. ते पोट बिघडल्यावरच्या उलटीला चांगलं, पण हेलकाव्याच्या मळमळीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. माझा पहिला मोसम अर्धा या एका गैरसमजात गेला.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक घोळ होतो. ऊन लागलेल्या माणसालाही मळमळतं, डोकं दुखतं, आणि सगळे ‘बोट लागली’ म्हणून मोकळे होतात. बोट लागलेला किनाऱ्यावर पाय टेकताच सुधारायला लागतो. ऊन लागलेला नाही. ज्याला तासन्‌तास लघवी झाली नाही, जो असंबद्ध बोलतोय, ज्याची कातडी तापलीय, त्याला सावलीत घ्या, ओल्या कापडाने पुसा, आणि जवळचा धक्का गाठा. तेवढं जमणार नसेल तर बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबरचं चॅनेल किंवा तटरक्षक दलाचा १५५४. मदत मागायला लाजून सूर्यास्त होऊ देऊ नका.

वहीतला रकाना मी अजून ठेवलाय. गेल्या मोसमात त्यात तीन नावं आली. त्यातलं एक माझं. दोघांची बादली धुवायला मी खाली वाकून बसलो होतो. आणि हो, बादलीच्या कडीला वावभर दोरी बांधून तिचं दुसरं टोक क्लीटला, म्हणजे बोटीवरच्या दोरी बांधायच्या खुंटीला, अडकवा. माझी निळी बादली थळच्या बाजूला कुठेतरी गेली, ती काही परत आली नाही.